तारीख खरी, पण कोणाची?

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, हे दिनविशेषात दरवर्षी छापून येतं. गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या दफ्तरात मात्र त्या दिवशी १ मार्च होता.

यात चूक कोणाचीच नाही. तेरावे पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली कॅलेंडर सुधारलं, दहा दिवस गाळले. पोर्तुगाल कॅथलिक, त्याने सुधारणा लगेच उचलली. इंग्रज प्रॉटेस्टंट, पोपचं ऐकायला त्यांनी १७५२ साल उजाडू दिलं. तोवर सुरत-राजापूरचे इंग्रज वखारवाले जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे पत्रं लिहीत होते. आपल्या शिवकालीन तारखा बहुतेक त्याच जुन्या पद्धतीने छापल्या जातात. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक आजच्या कॅलेंडरने १६ जूनला येतो. मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे आली, तेव्हा बेटावरची तारीखसुद्धा दहा दिवस मागे सरकली असणार!

मराठी कागदांना यातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. जन्माची नोंद आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी. ती सापडली जेधे शकावलीत. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात जपलेली ही टिपणं लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये छापली गेली. त्याआधी बखरींच्या आधाराने शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७ साल धरलं जाई. दोन तारखांचा वाद पुढे अनेक दशकं रंगला. १९ फेब्रुवारीवर सरकारी शिक्का बसायला २००१ साल उजाडावं लागलं.

जेध्यांच्या टिपणात तिथीबरोबर शुक्रवार आणि हस्त नक्षत्रही आहे. संशोधकाला खरा आधार असतो तो वाराचा. सप्टेंबर १७५२ मध्ये इंग्रजांनी २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आणली, पण बुधवारनंतर गुरुवारच आला. कॅलेंडरं बदलली तरी वारांची साखळी तुटली नाही. म्हणून १९ फेब्रुवारी म्हणा की १ मार्च, जंत्री काढून पाहिली की शुक्रवारच निघतो. तिथी, वार आणि नक्षत्र यांचा असा मेळ बसला की नोंदीवर विश्वास ठेवायला बळ येतं.

दिवस नेमका सुरू कधी होतो, हा आणखी एक पेच. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री, हिजरी तारीख सूर्यास्ताला. पेशवे दफ्तरातल्या पत्रांवर ‘छ’ लिहून पुढे चंद्राची, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख घातलेली असते. लाल महालात शाहिस्तेखानावर छापा पडला तो रात्री. अशा घटनेची तारीख लावताना कागद कोणी लिहिला, हे आधी पाहावं लागतं.

पानिपताचं उदाहरण वेगळं आहे. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. १७५२ नंतरची असल्यामुळे या तारखेत दहा-अकरा दिवसांची भानगड नाही. तरीही ‘ऐन संक्रांतीला पानिपत झालं’ हे ऐकू येतं, ते केवळ आज संक्रांत १४-१५ जानेवारीला येते म्हणून. संक्रांत सूर्याच्या निरयन गणितावर चालते आणि इंग्रजी कॅलेंडरात साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १७६१ मध्ये ती दहा-अकरा जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. सदाशिवरावभाऊंचं सैन्य लढाईला बाहेर पडलं, तेव्हा सण उलटून गेलेला होता.

हे सरकणं पडताळायला स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस उपयोगी पडतो. १२ जानेवारी १८६३ ला ते जन्मले, तो संक्रांतीचा दिवस होता. सरकारचा युवा दिन त्या १२ तारखेला बांधलेला आहे, तर रामकृष्ण मठात त्यांची जयंती पौष कृष्ण सप्तमीला होते आणि दरवर्षी नव्या तारखेला येते.