हाक मारायची, पण कोणाला विचारून?

एलियन्सचा धोका म्हटलं की आपल्याला लढाया आठवतात. पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. रेडिओ दुर्बिणीनं नुसता आकाशाचा कानोसा घेतला, तर आपला पत्ता कोणाला लागत नाही. पाठवलेला संदेश मात्र परत बोलावता येत नाही.

१९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवरून एम१३ या तारकागुच्छाकडे संदेश गेला, तेव्हा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी हरकत घेतली होती. पण एम१३ पडला सुमारे २५,००० प्रकाशवर्षं दूर. २०१७ मध्ये नॉर्वेतून ज्या ल्युटेनच्या ताऱ्याकडे संदेश पाठवला, तो जेमतेम १२ प्रकाशवर्षांवर आहे. तिथं कोणी असेल आणि लगेच बोललं, तर उत्तर २०४२ च्या सुमारास येईल. म्हणजे तुमच्या-आमच्या हयातीत!

आपल्याला रेडिओ येऊन सव्वाशेच वर्षं झालीत. त्यामुळे उत्तर देणारे बहुधा आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेले असतील. ते भले असतील की नाही, हे आपल्या हातात नाही. पण पृथ्वीच्या वतीनं बोलायचं कोणी, हे तर आहे ना? त्यासाठी आज एकही बंधनकारक आंतरराष्ट्रीय कायदा नाही. ज्याच्याकडे ट्रान्समीटर, तोच आपला वकील.