एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स: कोड एकच, चाव्या वेगळ्या

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांचं ॲप लॅपटॉपवर मस्त चालतं आणि क्लाउडवर टाकलं की 'डेटाबेस सापडत नाही' म्हणून बंद पडतं. अशा वेळी कोड उघडण्याआधी मी एकच विचारतो: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स सेट केलीत का?

म्हणजे काय, तर ॲप सुरू होताना त्याला नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्यांची एक यादी मिळते. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, पेमेंटची एपीआय की, सगळं त्यात. कोडमध्ये आपण फक्त नाव लिहायचं. व्हॅल्यू देते ती ॲप जिथे चालतंय ती जागा. लॅपटॉपवर टेस्टिंगचा डेटाबेस, क्लाउडवर खरा. कोडची एक ओळही बदलत नाही.

२०११ च्या सुमारास हेरोकूच्या मंडळींनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' नावाचे नियम मांडले. त्यातली एक कसोटी मला फार आवडते: तुमचा सगळा कोड आत्ता, या क्षणी जगासमोर खुला केला, तर एखादं गुपित फुटेल का? उत्तर 'हो' असेल, तर ते गुपित कोडमधून बाहेर काढा.

हेरोकूवर हे सोपंय. ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'कॉन्फिग व्हार्स' उघडायचं आणि नाव-व्हॅल्यू भरायची. ॲप आपोआप रीस्टार्ट होतं, कारण ही यादी त्याला सुरू होतानाच मिळते. व्हर्सेलवर मात्र व्हॅल्यू बदलली तरी आधीचं डिप्लॉयमेंट जुनीच वापरत राहतं. तिथे पुन्हा डिप्लॉय करावं लागतं.

आता नेहमीचे खड्डे.

पहिला: प्रत्येक व्हॅल्यू ही स्ट्रिंग असते. 'डीबग'समोर तुम्ही 'फॉल्स' लिहिलंत, तरी जावास्क्रिप्टला ती रिकामी नसलेली स्ट्रिंग दिसते, म्हणजे खरी! डीबग चालूच राहतो. तुलना स्पष्ट लिहा.

दुसरा: पोर्ट. हेरोकू तो स्वतः ठरवून 'पोर्ट' या व्हेरिएबलमधून देतं. तुम्ही कोडमध्ये ३००० ठोकून ठेवलात, तर ६० सेकंद वाट बघून ते ॲप बंद करतं.

तिसरा सगळ्यात महागात पडणारा. व्हीटमध्ये 'व्हीट' किंवा नेक्स्टमध्ये 'नेक्स्ट पब्लिक' असं पुढे लावलेलं व्हेरिएबल कोडमध्ये वापरलं, की बिल्ड होताना त्याची व्हॅल्यू थेट ब्राउझरच्या फाइलमध्ये छापली जाते. कुणीही ती वाचू शकतो. गुपित तिथे कधीच ठेवू नका, ते सर्व्हरकडेच राहू द्या.

आणि '.एन्व्ह' फाइल चुकून गिटहबवर गेलीच, तर नुसती डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. सार्वजनिक रेपोमध्ये चाव्या शोधत फिरणारे बॉट्स असतात. म्हणून आधी ती एपीआय की रद्द करून नवी घ्या, साफसफाई नंतर. '.एन्व्ह'चं नाव गिटइग्नोरमध्ये पहिल्या दिवशीच टाका. सोबत फक्त नावं असलेली एक नमुना फाइल ठेवा, टीममधल्या नव्या माणसाला विचारत बसावं लागत नाही.

शेवटचं एक काम आजच करा: ॲप सुरू होतानाच सगळी गरजेची नावं तपासा. एखादं नसेल, तर त्याचं नाव सांगून ॲपला तिथेच थांबू द्या. रात्री दोन वाजता ग्राहकाला एरर दिसण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न जरूर पाठवा. फक्त स्क्रीनशॉट पाठवताना चाव्या झाकून पाठवा!