परतीचे भाडे आधी ठरवा

गदगच्या विजय संकेश्वरांनी 1976 मध्ये एका ट्रकवर मालवाहतूक सुरू केली. त्यातूनच पुढे हुबळीची व्हीआरएल उभी राहिली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात वर्षानुवर्षे दुसऱ्याची गाडी बंगळुरूला नेणाऱ्या ड्रायव्हरच्या मनातही कधी ना कधी स्वतःच्या गाडीचा विचार येतोच. हा लेख त्याच्यासाठी आहे. गाडी चालवणे त्याला शिकवायला नको. एका गाडीचा धंदा कसा चालतो, तेवढे इथे पायरीपायरीने पाहू.

आधी माल, मग गाडी

कोणता माल वाहायचा हे ठरल्याशिवाय गाडी घेऊ नये. शिरोली, गोकुळ शिरगावचे कास्टिंग किंवा सोलापूर-नाशिकचा कांदा वाहायचा असेल तर उघडी बॉडी आणि चांगली ताडपत्री हवी. गोदामांतला खोक्यांचा माल वाहायचा असेल तर बंद कंटेनर बॉडी लागते. सहा चाकी गाडीचे मालासकट वजन 18.5 टन आणि दहा चाकीचे 28.5 टन चालते. त्यातून आरसीवरचे रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. उरेल तेवढाच तुमचा माल. बंगळुरू शहरातल्या शहरात छोटा हत्ती चालवणाऱ्याला परमिटची गरज पडत नाही, कारण एकूण 3,000 किलोपर्यंतच्या मालगाडीला कायद्याने सूट आहे.

कागदपत्रे

राज्याबाहेर जायचे तर नॅशनल परमिट हवे. त्याचे वार्षिक शुल्क 16,500 रुपये आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने तिचे वय आधी पाहावे: दोन ॲक्सलच्या गाडीला हे परमिट 12 वर्षांपर्यंत मिळते, जास्त ॲक्सलच्या गाडीला 15 वर्षांपर्यंत. पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. विमा, पीयूसी आणि फास्टॅग तर लागतातच.

नॅशनल परमिटचा एक नियम नीट लक्षात ठेवावा. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी बंगळुरूत माल भरून हुबळीत उतरवू शकत नाही. परक्या राज्यातल्या दोन गावांमधली वाहतूक त्या परमिटवर चालत नाही. म्हणून बंगळुरूहून निघताना माल राज्याबाहेरचाच शोधावा लागतो.

कराची बाजू तशी सोपी आहे. बिल्टी ट्रान्सपोर्ट कंपनी काढत असेल आणि तुम्ही तिला नुसती गाडी भाड्याने देत असाल, तर त्यासाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. गाड्या दहाच्या आत असतील तर पॅन आणि तसे लेखी निवेदन द्या, म्हणजे भाड्यातून टीडीएस कापला जात नाही.

फेरीचे गणित

कोल्हापूर ते बंगळुरू सुमारे 610 किलोमीटर आहे, जाऊन-येऊन 1,220. भरलेली दहा चाकी लिटरला चार किलोमीटर देते असे धरू. डिझेल 305 लिटर लागेल. लिटरला 90 रुपये धरले तर 27,450 रुपये झाले. त्यावर टोल, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता आणि टायर, ऑइल, विमा यांसाठी बाजूला काढायची रक्कम. आता गाडीचा हप्ता महिन्याला 45,000 असेल, तर गाडी पळो वा उभी राहो, दिवसाला 1,500 रुपये जातातच.

समजा, बंगळुरूत आज 22,000 रुपयांचे परतीचे भाडे मिळते आहे आणि तीन दिवस थांबल्यास 25,000 चे मिळेल. थांबलात तर 3,000 जास्त मिळतील, पण तेवढ्यात हप्त्याचे 4,500 गेलेले असतील. जाण्याचे भाडे भरघोस असले तरी परतीला गाडी रिकामी आली किंवा चार दिवस उभी राहिली, तर नफा उरत नाही. म्हणून भाडे नेहमी पूर्ण फेरीचे मोजावे.

बंगळुरूत माल कुठे मिळतो

पुण्याकडून येणाऱ्या गाडीला पहिला मोठा पट्टा नेलमंगला, पीनिया आणि यशवंतपूरचा. नेलमंगल्यात गोदामे आहेत, पीनियात यंत्रे आणि सुट्या भागांचे कारखाने. यशवंतपूरला बाजार समितीचे आवार आहे आणि कर्नाटक सरकारच्या देवराज अरस ट्रक टर्मिनल्स कंपनीचा ट्रक तळही आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला जिगणीत ग्रॅनाइट, होसकोट्याला गोदामे. कोलारच्या बाजारातून टोमॅटो देशभर जातो, तर तिपटूर खोबऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना शहरात बंदी असते, त्यामुळे भरण्या-उतरवण्याची वेळ आधीच विचारून घ्यावी.

सुरुवातीला बहुतेक भाडी दलाल किंवा ट्रान्सपोर्ट ऑफिसमार्फत मिळतात. 2015 मध्ये बंगळुरूतच सुरू झालेल्या ब्लॅकबकसारख्या ॲपवरही माल दिसतो, त्यामुळे त्या दिवशीचा दर कळतो. पण एका ऑफिसवर किंवा एका ॲपवर सगळी भिस्त ठेवू नका. दोन-तीन ऑफिसांत ओळख वाढवा, आणि मालक वेळेवर पैसे देतो का, हे तिथे उभ्या असलेल्या गाडीवाल्यांना विचारा. माल देण्याआधी जो तुमच्याकडूनच पैसे मागतो, त्याच्यापासून दूर राहा.

भरताना आणि उतरवताना

गाडी लावण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: एकूण भाडे, वजन, ॲडव्हान्स, बाकी किती दिवसांत, हमाली कोणाकडे, गाडी अडकून पडली तर रोजचे किती. भरल्यावर काटा करा. वजन जास्त निघाल्यास दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 आहे, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. जादा भरलेल्या दोन टनांचे भाडे या दंडापुढे काहीच नाही.

माल 50,000 रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर ई-वे बिल लागते. त्यावर आपल्याच गाडीचा नंबर आहे ना, हे पाहूनच निघा. दर 200 किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस, या हिशेबाने 610 किलोमीटरला चार दिवस मिळतात. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत मुदत वाढवून घेता येते. तेव्हा ट्रान्सपोर्टला लगेच फोन करा. मुदत साधण्यासाठी झोप मोडून गाडी मारू नका.

माल उतरल्यावर पोचपावतीवर सही-शिक्का घ्या, जागेवरच फोटो काढा आणि मूळ कागद जपून ठेवा. बाकीचे भाडे त्या कागदावरच सुटते. एका वहीत प्रत्येक फेरीचे किलोमीटर, डिझेल, टोल, उभे राहिलेले दिवस आणि हाती आलेली रक्कम लिहीत चला. तीन महिन्यांत कोणता माल आणि कोणते ऑफिस परवडते, हे ती वहीच सांगेल.

पुढच्या वेळी बंगळुरूचा माल भरलात की गाडी सुरू करण्याआधी यशवंतपूरला दोन फोन करा. कागल मागे टाकून कर्नाटकात शिरण्याआधी परतीचे भाडे ठरलेले असू द्या.