घरच्या लुगड्यातली हिरकणी

डिसेंबर-जानेवारी आला की शाळेतून निरोप येतो, ‘गॅदरिंग आहे, मुलीला वेशभूषेत पाठवा.’ मागच्या खेपेला आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका आईनं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला? तर लेकीला ‘हिरकणी’ सिनेमातली हिरकणी व्हायचंय आणि संभाजीनगरहून पोशाख भाड्यानं आणायचा म्हणजे भाडं वेगळं, अनामत वेगळी, एसटीचं तिकीट वेगळं. आम्ही म्हटलं, “अगं बाई, बियाण्याला लागतील ते पैसे. हिरकणी गवळण होती, तिच्याकडे कुठला भाड्याचा पोशाख?” तिला ते पटलं, पण पोरगी फुरंगटून बसली. तिला सिनेमातल्यासारखंच पाहिजे होतं. मग आम्ही चौघी कामाला लागलो.

‘हिरकणी’ हा प्रसाद ओक यांचा सिनेमा 2019 च्या दिवाळीत आला, हिरकणी झाली होती सोनाली कुलकर्णी. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. कोजागरीला रायगडावर दूध घालायला गेलेली बाई, सांजेला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरली, असं सांगतात. एसटी स्टँडवर बाळाला पाजायची जी खोली असते, तिला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात ते तिच्यावरूनच.

आता लुगडं. जरीचं, घोट्यापर्यंत लोळणारं नको. ते लग्नातलं झालं. डोक्यावर घागर घेऊन गड चढणारी बाई पोटरीपर्यंतच नेसणार. आजीचं जुनं सुती लुगडं घ्या. सात-आठ वर्षांच्या मुलीला अख्खे नऊ वार फार होतात, साधारण चार मीटर पुरतं. कापू नका, उरलेलं आत दुमडा. रुंदीलाही कमरेपासून पोटरीपर्यंत येईल एवढीच घडी ठेवा. आत नाडीची चड्डी घाला. एक टोक आखूड ठेवून पुढे बेंबीपाशी गाठ मारा, लांब बाजू मागून फिरवून पदर डाव्या खांद्यावर टाका. मधल्या ढिलाईच्या निऱ्या करून खोचा आणि निऱ्यांचा खालचा काठ दोन पायांतून मागे घेऊन कासोटा घाला.

इथं आमची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका मुलीला जिजाऊ केलं होतं. लुगडं लांब ठेवलं, वर सगळीकडे टाचण्या. पायरी चढताना कासोटा सुटला, पोरगी तोंडावर आपटली, हनुवटी फुटली. तेव्हापासून टाचणी बंद. कंबर, खांदा आणि कासोटा तिन्ही ठिकाणी आतल्या चड्डीला आणि चोळीला सुईदोऱ्यानं कच्चे टाके घालायचे. अंगावरच शिवताना मध्ये तळहात धरा. आणि हो, आधी लेकराला लघवीला नेऊन आणा!

चोळी खणाच्या तुकड्याची, नाहीतर आईच्या ब्लाऊजला मागून चुण्या घालून. गळ्यात काळी पोत पुरे. काचेच्या बांगड्या नकोत, पडली तर हातात घुसतील. आधी थोडं मेण लावून वर कुंकू लावा, म्हणजे घामानं ओघळत नाही. गोंदण काजळाच्या काडीनं.

कड्यावरून उतरताना झालेले ओरखडे दाखवायला बिटाच्या रसात चिमूटभर मैदा कालवा. रंगपंचमीचा रंग किंवा पोस्टर कलर लेकराच्या अंगाला लावू नका. बीटसुद्धा आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा.

घागर पितळेची जड होते. फुगा फुगवा, त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे चार-पाच थर लावा. आपल्या आज्या कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या, त्यात मेथी वाटून घालायच्या, तशी इथंही घाला. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या, मग फुगा फोडून काढा आणि गेरू फासा. खाली जुन्या धडप्याची चुंबळ.

अमेरिकेत 31 ऑक्टोबरला हॅलोविन असतो. पोरं भुताखेतांची, सिनेमातल्या माणसांची सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागतात. तिकडच्या मराठी घरांतली लेकरंही त्यात असतात. आपल्याला सोंगं काही नवीन नाहीत, बहुरूपी आपल्याच दारात यायचे.

राहिला अभिनय. पोरगी नाचत उतरत होती. आम्ही तिला दौलताबादचा किल्ला आठवायला सांगितला. सहलीला गेली होती तेव्हा अंधारीत कशी भिंतीला हात लावून चालली होती? तसंच. कडा उतरताना तोंड दगडाकडे, आधी पाय चाचपायचा, मग भार टाकायचा. स्टेजवर बाकावर काळी चादर टाकून कडा केला आणि मागे एक बाई धरायला उभी ठेवली.

दुसरा नंबर आला. रात्रीच टाके उसवून लुगडं धुऊन आजीला परत दिलं. चुंबळ मात्र पोरीनं दप्तरात ठेवून घेतली.