चला, श्रीलंका पाहू या!

परदेशी सहलीचा विषय निघाला की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न पैशाचा येतो, आणि तो रास्तच आहे. वर्षभर पतपेढीत पैसे टाकून सहलीची रक्कम जमवणाऱ्या कुटुंबाला सिंगापूर-बँकॉकच्या जाहिराती दुरूनच पाहाव्या लागतात. अशा कुटुंबाने श्रीलंकेचा विचार जरूर करावा. मुंबईहून विमानाने साधारण अडीच तास, चेन्नईहून त्याहून बरेच कमी. एका भारतीय रुपयाला तिथले तीनहून अधिक रुपये मिळतात. बेटाचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्यामुळे आठ-नऊ दिवसांत लेणी, डोंगर, हत्ती आणि समुद्र असे सर्व काही पाहून होते. आम्ही विहारातील बावीस जण मिळून गेलो होतो. त्यात सहा मुले होती आणि साठी ओलांडलेल्या चार उपासिका होत्या. त्या अनुभवावरून व थोड्याफार वाचनावरून हे लिहीत आहोत.

प्रथम हंगाम. या बाबतीत बरेच लोक फसतात. या छोट्या बेटावर दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडील किनाऱ्यावर पाऊस असतो, तेव्हा पूर्वेकडचा त्रिंकोमाली-निलावेली-पासिकुडाचा समुद्र शांत असतो. डिसेंबर ते मार्च याच्या उलट, म्हणजे गॉल, उनावटुना, मिरिस्साचा किनारा उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र पाऊस कुठेही गाठतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर भिस्त ठेवू नये. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना एक मोठा लाभ आहे. वैशाख पौर्णिमा! आपण तिला बुद्ध जयंती म्हणतो, तिकडे 'वेसाक'. कोलंबोत त्या रात्री घराघरांवर कागदी आकाशकंदील लागतात, चौकाचौकांत चित्रांची रोषणाई केलेल्या कमानी उभ्या राहतात आणि रस्त्याच्या कडेला 'दानसल' मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. कोणी कोणाची जात विचारीत नाही, पंगत वेगळी नाही. प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, देशभर सरकारी सुट्टी असते आणि त्या दिवशी दारू विकली जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता अनुराधपूर. येथे घाई करू नये, एक पूर्ण दिवस द्यावा. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा थेरी हिने बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी येथे आणली. परंपरेनुसार ती इसवी सनपूर्व २८८ मध्ये लावली गेली, आणि तो जय श्री महाबोधी आजही उभा आहे. माणसाने लावल्याची नोंद असलेले एवढे जुने झाड जगात दुसरे नाही असे मानतात. आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी येथूनच आणलेल्या फांद्यांपासून वाढला आहे. फांद्यांना सोनेरी आधार दिलेले हे झाड काही फार डेरेदार नाही, किंचित निराशाच होते. पण शेजारी पांढऱ्या वस्त्रातली शेतकरी कुटुंबे पालीतून पंचशील म्हणू लागली, आणि आमच्या उपासिकांनी सूर मिळवला. चाल निराळी, उच्चार थोडे निराळे, शब्द तेच. एकाही सिंहली वाक्याची गरज पडली नाही. एका म्हाताऱ्या आजींनी आमच्या मुलांच्या हातात निळी कमळे दिली, आणि मुलांना ती कशी वाहायची हेही दाखवले.

राजा दुट्ठगामणीचा रुवनवेली स्तूप पांढराशुभ्र असून दुरूनही नजरेत भरतो. आम्हाला मात्र जेतवन स्तूप अधिक भावला. तिसऱ्या शतकातील हे विटांचे बांधकाम मुळात सुमारे १२२ मीटर उंच होते. त्या काळी गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर जगात याहून उंच काही नव्हते. दुपारी दगड तापून तळपाय भाजतात. पादत्राणे काढावीच लागतात, म्हणून जाड मोजे न्यावेत. जवळच्या मिहिंतले टेकडीवर थेर महेंद्र आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट झाली. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण गाडी बरीच वर जाते.

सिगिरिया हे मुलांचे आवडते ठिकाण ठरले. सपाट जंगलातून सुमारे दोनशे मीटर उभा राहिलेला एकच प्रचंड खडक, आणि त्याच्या माथ्यावर पाचव्या शतकात राजा कश्यपाने बांधलेला राजवाडा! बापाला मारून गादी बळकावल्यामुळे भावाच्या भीतीने तो येथे येऊन राहिला, असे महावंसाची परंपरा सांगते. अर्ध्या वाटेवर कपारीत रंगवलेल्या स्त्रिया पाहून अजिंठ्याची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा. वर चढताना सिंहाचे दोन अवाढव्य पंजे लागतात. पायऱ्या बाराशेच्या घरात आहेत, तेव्हा गुडघेदुखी असणाऱ्यांनी खालच्या बागा व संग्रहालय पाहून समाधान मानावे. सकाळी सातलाच चढावे आणि आरडाओरड करू नये, कारण खडकावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत. सार्क देशांच्या नागरिकांना येथे तिकिटात सवलत मिळत आली आहे. त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ असावा.

याच भागात दांबुल्लाची पाच चित्रित लेणी आणि पोलोन्नरुवाचे गल विहार आहे. बाराव्या शतकात एकाच खडकातून कोरलेली तेथील सुमारे चौदा मीटरची महापरिनिर्वाण मूर्ती पाहून आमचा गट बराच वेळ बोलला नाही. उशीला पडलेला हलका खळगासुद्धा दगडात कोरला आहे. फोटोबाबत एक सूचना. बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणे तिकडे अपमान समजतात, आणि पहारेकरी लगेच टोकतात. मुलांना आधीच समजावून न्यावे. खांदे व गुडघे झाकलेले असावेत.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी मिन्नेरिया चुकवू नये. राजा महासेनाने तिसऱ्या शतकात बांधलेल्या या तलावाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की काठावर कोवळे गवत उगवते, आणि रानहत्तींचे कळप संध्याकाळी तेथे जमतात. पिन्नवलाचे हत्ती अनाथालय १९७५ पासून आहे व अधिक प्रसिद्ध आहे, परंतु मोकळ्या रानातले पिल्लू आईच्या पायांत लपताना पाहणे निराळेच.

कँडीला दंतधातू विहार, तळे आणि पेरादेनियाची वनस्पती बाग आहे. येथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० च्या मे महिन्यात माईसाहेबांसह श्रीलंकेत आले होते. जागतिक बौद्ध परिषद भरली होती, पण ते प्रतिनिधी म्हणून बसले नाहीत. बौद्ध धर्म येथे प्रत्यक्षात कसा पाळला जातो, त्यात अंधश्रद्धा किती शिरली आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. आपणही तसेच पाहावे. दंतधातू विहाराच्या शेजारी विष्णू आणि पत्तिनी यांची देवळे आहेत, आणि तीच माणसे दोन्हीकडे नवस बोलतात. जातही आहे. १७५३ मध्ये स्थापन झालेल्या सियाम निकायाने पुढे गोविगम या वरच्या शेतकरी जातीपुरतीच उपसंपदा ठेवली. इतर जातींच्या भिक्खूंना ब्रह्मदेशात जाऊन दीक्षा घ्यावी लागली, आणि १८०३ च्या सुमारास अमरपूर निकाय उभा राहिला. आमच्यातील एका तरुणाने हे ऐकून 'मग आपण इथे कशाला आलो?' असे विचारले. त्यावर बसमध्ये जो वाद झाला, तो नुवारा एलियापर्यंत पुरला! आमचे मत असे की बोधिवृक्षापुढे बसणाऱ्या गरीब उपासकाची श्रद्धा खरी आहे आणि निकायातील जातही खरी आहे. दोन्ही पाहून यावे.

कँडी ते एल्ला रेल्वेप्रवास हा जगातील सुंदर प्रवासांपैकी एक गणला जातो. चहाचे हिरवे उतार, धबधबे आणि डेमोदराजवळचा १९२१ चा नऊ कमानींचा पूल. नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळाने या डोंगरी मार्गाचे मोठे नुकसान केले, म्हणून गाडी कोठून कोठपर्यंत धावते याची चौकशी करूनच बेत आखावा. गाडी नसल्यास रस्त्यानेही हा भाग पाहता येतो.

त्या हिरव्या उतारांवर पाठीला पिशवी लावून पाने खुडणाऱ्या स्त्रिया दिसतात. पर्यटक त्यांचे फोटो काढून पुढे जातो. त्यांचे पूर्वज इंग्रजी अमलात तामिळ मुलखातून आणलेले मजूर, आणि त्यांतला मोठा भाग अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा होता. १८६७ मध्ये जेम्स टेलरने चहाचा पहिला व्यापारी मळा लावला, तो चहा यांच्याच हातांनी वाढला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने यांतील लाखो लोकांचे नागरिकत्व नाकारले गेले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानुसार पुष्कळांना भारतात पाठवले, आणि उरलेल्यांचा प्रश्न सुटायला २००३ साल उजाडले. चहाचा कारखाना दाखवतात तेव्हा मळ्यातील 'लाइनी' कुठे आहेत तेही विचारावे. एका खोलीत अख्खे कुटुंब राहणारी ती चाळ आपल्याला अनोळखी वाटणार नाही.

शेवटचे दोन दिवस समुद्रासाठी ठेवावेत. गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी वाढवला. संध्याकाळी तटावरून दीपगृहापर्यंत चालत जावे, पैसे पडत नाहीत. उनावटुनाला पाणी उथळ असल्याने मुले डुंबतात. मिरिस्साहून डिसेंबर ते एप्रिल होड्या निळे देवमासे दाखवायला नेतात. होडी हेलकावते, पोट रिकामे किंवा फार भरलेले नसावे. वाटेत पेरालिया येथे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आख्खी आगगाडी वाहून गेली होती. तेथे जपानी बांधवांच्या मदतीने उभी राहिलेली उंच बुद्धमूर्ती आहे. गाडी थांबवून दहा मिनिटे उतरावे.

खाण्याची चिंता करू नये. भात, नारळाच्या दुधातली डाळ, झणझणीत मासळी आणि खोबऱ्याची लाल चटणी, म्हणजे 'पोळ संबोल'. कोकणी माणसाला हे घरचेच वाटेल. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचा वाटीसारखा 'हॉपर' मुलांना फार आवडला, आणि मडक्यातले म्हशीचे दही त्यावर माडाच्या जातीच्या कितुल झाडाचा पाक घालून खातात. पिवळ्या शहाळ्याला 'तंबिली' म्हणतात, ते कोठेही मिळते.

हिशेबाचे म्हणाल तर विमानाचे तिकीट तीन-चार महिने आधी काढावे, बेटावर वीस-बावीस जणांत एक बस ठरवावी आणि राहायला घरगुती विश्रामगृहे निवडावीत. विहारांच्या यात्री निवासांत मुक्काम मिळतो, फक्त आधी कळवावे लागते. प्रवेशाचा ऑनलाइन परवाना सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा, दलालाच्या हाती पैसे देऊ नयेत. परतताना चहा आणि दालचिनी आणावी. दालचिनी विमानतळावर घेण्यापेक्षा गावच्या बाजारात बरीच स्वस्त पडते.