कारागीर बाईचे मूल दिवसभर करते काय?

व्यापाराच्या पानावर लहान मुलांच्या खेळाचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. दोन वर्षांपूर्वी आम्हीही तेच म्हटले असते. आमचा धंदा कापडाचा. अमरावतीत ठोक माल घ्यायचा, थोडा इथे शिवून घ्यायचा, थोडा अकोल्याला आमच्या खालाजाद भावाकडे पाठवायचा. त्याचे शाळेच्या गणवेशाचे काम आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे एप्रिल-मे हा त्याचा ऐन हंगाम. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन, आत अकरा मशिनी आणि काज-बटनाला बसलेल्या सहा-सात बाया.

अशाच एका मे महिन्यात एका बाईच्या अडीच वर्षांच्या पोराने शर्टाचे बटन नाकात कोंबले. डॉक्टरांनी ते चिमट्याने काढले. पोरगा संध्याकाळी हुंदडू लागला, पण बाई दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही. त्या आठवड्यात चारशे शर्ट काज-बटनावाचून पडून राहिले आणि गिऱ्हाइकाचे फोनावर फोन. भावाने चिडून निरोप पाठवला की, मूल घरी ठेवता येत नाही का? तिचा उलट निरोप आला, "भाईजान, घरी कोणापाशी ठेवू? सासू स्वतः चार घरची भांडी घासायला जाते."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. अंगणवाडी आहे, पण ती दुपारपर्यंत. शिलाईचे काम चालते सहापर्यंत. कायदा पाहावा तर १९४८ च्या कारखाना कायद्यातच पाळणाघराची तरतूद केली गेली होती, आणि २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. परंतु आपल्या गल्लीबोळातल्या दहा-बारा मशिनींच्या कारखान्यापर्यंत हे कायदे येत नाहीत. तिथे मूल मशिनीच्या पायाशीच वाढते, सुई, कैची आणि तापलेल्या इस्त्रीच्या शेजारी.

शेवटी कारखान्यामागची गोदामाची खोली रिकामी केली, चुना मारला, कूलर बसवला. शेजारच्या एका वयस्क बाईंना, ज्यांना सगळी गल्ली खाला म्हणते, महिन्यावर ठेवले. ती बाई परत आली. आठ मुले झाली. आम्ही समजलो काम फत्ते झाले.

आमच्या थोरल्या आपा उर्दू बालवाडीत बरीच वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या. एका लग्नाच्या निमित्ताने त्या अकोल्याला आल्या आणि त्यांनी ती खोली पाहिली. आठ मुले चटईवर, मध्ये खालांचा मोबाइल, त्यावर कार्टून, हातात बिस्किटे. कुणी रडत नव्हते. आपा म्हणाल्या, "तुम्ही मुलांचे गोदाम उघडले आहे. माल सुरक्षित आहे, एवढेच."

आम्हाला राग आला. तथापि त्यांचे पुढचे बोलणे धंद्याच्या भाषेत होते म्हणून पटले. तुम्ही आधी शर्ट शिवून मग मुलाचे माप घेता का? माप आधी. मग खेळाचेही तसेच. तीन वर्षांच्या मुलाला येत्या महिन्यात काय जमले पाहिजे ते आधी ठरवा, मग त्याला जोगता खेळ शोधा. बोटांत ताकद यावी, वाक्य पूर्ण बोलावे, लहान-मोठे आणि कमी-जास्त कळावे, दुसऱ्याच्या हातातली वस्तू न हिसकावता मागावी, आपले हात आपण धुवावेत. मापे ही, आणि खेळ म्हणजे शिलाई.

हे आपांच्या मनचे नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा मानला आणि त्यासाठीचा आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाला. त्यात खेळाला मुख्य स्थान आहे. विलायतेत तर स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळणाऱ्या बायांनाही सरकारी चौकट लागू आहे: शिक्षणाची सात क्षेत्रे आणि १७ उद्दिष्टे. आपल्या खालांना १७ उद्दिष्टे कोण सांगणार? आपांनी पाचांवर भागवले.

सामानाला पैसा लागला नाही. कतरण आम्ही गादीवाल्याला किलोने देत होतो. त्यातून एक पोते खोलीत गेले. रिकाम्या रिळा, ताग्यांच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, जुनी मापपट्टी, तेलाचे धुतलेले डबे. एका आठवड्याला एकच उद्दिष्ट. पहिला आठवडा लहान-मोठ्याचा होता. कतरणीचे तीन मापांचे तुकडे कापून तीन डब्यांत टाकायचे. मग नळ्या उंचीप्रमाणे भिंतीशी उभ्या करायच्या. मग मुलांनीच उंचीप्रमाणे उभे राहायचे, आणि तिथे भांडण झाले, कारण सर्वांना मोठे व्हायचे होते. खालांनी फक्त विचारायचे, "याच्यापेक्षा मोठा कुठला?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. खालांना सर्वात कठीण गेले ते हे थांबणे. मूल तोंड उघडण्याआधी त्याच उत्तर सांगून टाकीत.

बोटांच्या आठवड्यात रिळा जाड नाडीत ओवणे आणि ओली फडकी पिळणे. मे महिन्यात पाण्याच्या खेळाला मुले उठत नाहीत. वाटीने एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पाणी ओतताना ती मोजतातही आणि थंडही राहतात. शिवाय आमच्या मास्तरने एका फळीवर जुन्या शर्टाचा पुढा ठोकून दिला, वर मोठी बटने, बाजूला मोठी काजे. बटने दुहेरी दोऱ्याने लावली आणि प्रत्येक ओढून पाहिले, कारण आधीचा प्रसंग कुणी विसरले नव्हते. आपांचा नियम असा की, जी वस्तू मुलाच्या मुठीत पूर्ण नाहीशी होते, ती तीन वर्षांखालील मुलांच्या खोलीत नको. सुटे बटन, मणी, शेंगदाणा, सगळे बाहेर. लांब दोरीही मुलांच्या हाती एकटी सोडायची नाही.

नोंद कशी ठेवायची हा प्रश्न निघाला. खालांना लिहिता येत नाही. मग प्रत्येक मुलाच्या नावाची एक रंगीत नाडी उंच खिळ्याला बांधली. नवे काही जमले की एक गाठ. आठवड्याच्या शेवटी आपा अमरावतीहून फोन करतात आणि विचारतात, हिरव्या नाडीची चौथी गाठ कशाची? खालांना प्रत्येक गाठ आठवते. आमच्या मुनीमजींचा खाते-उतारा इतका चोख नसतो.

आपा सांगतात की यात नवे काही नाही, आणि हे आम्हाला ठाऊक नव्हते याची लाज वाटली. ज्यांनी महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घातला त्या ताराबाई मोडक लग्नानंतर आपल्या अमरावतीतच राहत होत्या. त्यांचे यजमान इथे वकिली करीत. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग, ती गरिबाच्या मुलाला कोण घेऊन देणार? १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केले तेव्हा खडे, शंखशिंपले, बिया, पाने हीच साधने केली. मुले शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ पासूनच्या सरकारी योजनेने तो देशभर नेला. त्यांचे शिंपले, आमची कतरण.

तक्रार आली ती आयांकडून. "खेळवायचे होते तर घरी काय वाईट होते? एबीसीडी लिहायला लावा." एका बापाने पाटी आणून दिली. आम्ही स्वतः चौथ्या वर्षी तख्ती घेऊन बसलो होतो आणि अलिफ सरळ येईना म्हणून छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे आमचे मन आपांकडे झुकले हे कबूल केले पाहिजे. आपांनी त्या बापाला, जो स्वतः टेलर आहे, विचारले, "भाई, नवा पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी थानावर कैची चालवू देता का?" तो म्हणाला, आधी तुरपाई, मग काज. "मग तुमच्या मुलाची बोटे सध्या तुरपाईला आहेत." पाटी त्याने परत नेली नाही. ती खोलीत आहे, मुले तिच्यावर ओल्या बोटाने चित्रे काढतात.

भाषेचा प्रश्न आम्ही फार ताणला नाही. मुले घरी उर्दू बोलतात, गल्लीत वऱ्हाडी. २०२२ चा आराखडाही घरच्या भाषेतच सुरुवात करा असे म्हणतो. गोष्ट खालांच्या बोलीत होते. रंगांची नावे मुले दोन्हीकडची घेतात, हरा आणि हिरवा.

आता हिशेब. खालांना महिना सहा हजार, वीज आणि दूध वेगळे. अर्धा भार भावाने उचलला, उरलेला आम्ही. गेल्या हंगामात काज-बटनाची एकही बाई मध्येच सुटली नाही; ते सारे या खोलीमुळेच असे आम्ही म्हणणार नाही, कारण मजुरीही वाढवली होती. गल्लीतल्या आणखी तीन कारखानदारांनी आपल्या बायांची मुले पाठवायची इच्छा दाखवली, पैशाचे नाव काढताच दोघे गप्प झाले. २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजना आहे: अंगणवाडीतच पाळणाघर, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. वस्तीतल्या अंगणवाडीला ते मिळेल का, हे विचारायला आम्ही बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज द्यायचे ठरवले आहे. अर्जावर बायांच्या सह्या हव्यात. आतापर्यंत चार झाल्या.

आणि दीड वर्षाखालील तान्ह्यांचे काय करावे हे अजून सुटलेले नाही. खाला म्हणतात, आठ मुलांत दोन तान्ही आली तर मदतीला दुसरी बाई द्या. त्यांचे म्हणणे रास्त आहे. भाऊ म्हणतो, हंगाम संपू दे, मग पाहू. ती बटनवाली बाई आता पुन्हा गरोदर आहे.