ड्रेसिंगच्या खोलीत

पहाटे 5.30
चहा उकळेपर्यंत प्रार्थना होते. आज ज्यांचं ड्रेसिंग आहे त्यांची नावं घेते. डबा भरताना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन गुणगुणते.

सकाळी 7.30
रात्रपाळीच्या सिस्टरकडून वॉर्डचा ताबा. कुणाला ताप, कुणाची पट्टी भिजली, एवढंच.

सकाळी 8
आमचं हॉस्पिटल कुष्ठरुग्णांचं. या रोगात पायाची संवेदना जाते. चपलेत खडा शिरला तरी कळत नाही, माणूस दिवसभर त्यावर चालतो. बोटं रोगाने गळत नाहीत, अशा न जाणवलेल्या जखमांनी झिजतात, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं.

पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, घट्टे दगडाने हलके घासायचे, मग तेल. जखमेसाठी हातमोजे घालते. जखम नसेल तर पाय उघड्या हातानेच धरते. नवीन माणूस हमखास पाय मागे ओढतो. "बाई, विटाळ होईल," एक आजोबा म्हणाले. त्यांचं औषध केव्हाच सुरू झालं होतं. औषध पोटात गेलं की थोड्याच दिवसांत लागण होण्याची भीती उरत नाही. हे त्यांना सांगितलं आणि पाय पुन्हा हातात घेतला.

प्रभूने शिष्यांचे पाय धुताना कमरेला रुमाल बांधला होता, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्या रुमालाची आठवण मला रोज होते, कारण बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या नाहीत तर कातडी चिरते आणि नवी जखम होते.

या खोलीत मी येशूबद्दल बोलत नाही. ज्याचा पाय माझ्या हातात आहे, त्याला उठून जाता येत नाही. अशा माणसाला उपदेश करणं मला पटत नाही. त्याने आपणहून विचारलं, तर जरूर सांगते.

दुपारी 1
डबा व्हरांड्यात उघडते. औषधांचा कोर्स पूर्ण झालेली एक मावशी तपासणीला आली की भाकरी आणते. घरी तिचं ताट वेगळं, तिच्या हातचं कुणी खात नाही. मी अर्धी भाकरी घेते, ठेच्यासकट, आणि तिच्याशेजारी बसून खाते. माझ्या श्रद्धेची साक्ष मी कुठे देत असेन, तर इथे.

दुपारी 3
चपलांचं माप. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराचा मऊ तळ, टाचेला पट्टा, खिळा एकही नाही.

माप घेताना मावशीचं वेगळं ताट आठवतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही, असा कायदा 2019 मध्ये झाला. पण उंबऱ्याच्या आत त्याचं किती चालतं?

संध्याकाळी 5
आजोबांना न्यायला मुलगा आलाय. दारातच उभा. त्याला आत बोलावून टब, दगड, तेल दाखवलं. तळवे आरशात रोज कसे बघायचे तेही.

"सिस्टर, हातमोजे किती न्यायचे?"

"जखम भरलीय. कशाला हातमोजे? आज मुक्काम कर. उद्या आठ वाजता तू धुवायचे, मी बघेन."